रक्तावरून डिप्रेशन ठरवणारी पॅकेजं बंद करा: व्यसनमुक्ती केंद्रांना आणि लॅबचालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्ती केंद्रांचे संचालक, तिथले वैद्यकीय अधिकारी आणि या केंद्रांचे नमुने तपासणारे पॅथॉलॉजी लॅबचालक

सप्रेम नमस्कार.

दारूचं व्यसन आणि नैराश्य एकाच माणसात असलं की त्याच्या रक्ताला दोन प्रश्न विचारले जातात. हा किती पितो आणि त्याच्या शरीराची किती वाट लागली आहे, हा पहिला. याचं डिप्रेशन मूळचं की दारूनं आणलेलं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर रक्त बऱ्यापैकी सरळ देतं. दुसऱ्याचं आजच्या घडीला देत नाही. ते देतं असं भासवून विकली जाणारी पॅकेजं बंद करा, ही या पत्राची मागणी आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात दारूवर अवलंबून असलेल्यांचा आकडा सुमारे २.९ कोटी आला होता. एवढी गिऱ्हाइकं दिसल्यावर पॅकेजं निघणारच. पण त्याच पैशांत त्या माणसाच्या खरंच उपयोगाच्या तपासण्या होतात. त्या कोणत्या, कोणत्या दिवशी करायच्या आणि रिपोर्ट कुठे फसवतो, ते पुढे लिहिलं आहे.

दारू सोडायला भरती झालेला माणूस पहिल्या आठवड्यात झोपत नाही, जेवत नाही, रडतो, जगून काय उपयोग म्हणतो. त्यातलं किती दारूचं, किती विड्रॉवलचं (दारू अचानक थांबल्यावर होणाऱ्या त्रासाचं) आणि किती आधीपासूनचं, हे त्या आठवड्यात कुणालाही सांगता येत नाही. सँड्रा ब्राउन आणि मार्क शुकिट यांनी १९८८ साली अमेरिकेत भरती झालेल्या १९१ पुरुषांची नैराश्य मोजणाऱ्या हॅमिल्टन मोजपट्टीवर पाहणी केली. भरतीच्या वेळी ४२ टक्क्यांचं नैराश्य उपचाराच्या पातळीचं होतं. दारूविना चार आठवडे गेल्यावर ते प्रमाण ६ टक्क्यांवर आलं. निदानाच्या नियमांत साधारण महिनाभर थांबायला सांगितलं आहे ते यासाठीच. अर्थात हे थांबणं निदानाचं झालं, काळजीचं नव्हे. दारू लागण्याआधीच नैराश्य होतं, किंवा मधल्या काळात वर्षभर दारू सुटलेली असतानाही ते होतं, असं घरच्यांनी सांगितलं तर महिनाभर वाट बघत बसू नये. आत्महत्येचा विचार आहे का, हे तर पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत विचारायचं.

रक्तावरून नैराश्य ओळखण्याचा मोह जुनाच आहे. १९८१ मध्ये डेक्सामेथासोन सप्रेशन टेस्टचा मोठा गाजावाजा झाला. रात्री ११ वाजता १ मिलीग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक ५ मायक्रोग्रॅमच्या वर राहिलं तर गंभीर नैराश्य, असा हिशोब होता. व्यसनमुक्ती वॉर्डात तो कोलमडला. विड्रॉवलमध्ये कॉर्टिसोल तसंही चढलेलं असतं, त्यामुळे नैराश्य नसलेल्यांचीही टेस्ट पॉझिटिव्ह येते आणि काही आठवड्यांनी आपोआप निगेटिव्ह होते. आज पॅकेजमध्ये कॉर्टिसोलची जागा बीडीएनएफ हे प्रथिन आणि इंटरल्यूकिन-६ व हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी हे शरीरातल्या जळजळीचे मार्कर यांनी घेतली आहे. खोट तीच आहे.

बीडीएनएफचंच बघा. मेंदूतल्या पेशींच्या वाढीला मदत करणारं हे प्रथिन नैराश्यात कमी सापडतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. पण रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. लाल ट्यूबमध्ये रक्त गोठताना प्लेटलेट्स ते सोडतात, म्हणून सीरममधला (रक्त गोठल्यावर उरलेल्या द्रवातला) आकडा प्लाझ्मातल्या (न गोठवता वेगळ्या केलेल्या द्रवातल्या) आकड्याच्या कितीतरी पट येतो. ट्यूब १५ मिनिटांत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली तर एक आकडा, तासाभराने फिरवली तर दुसरा. आता दारू काय करते? अस्थिमज्जा दाबून प्लेटलेट्स कमी करते. भरतीच्या दिवशी ८० हजार प्लेटलेट्स असलेल्या माणसाचं सीरम बीडीएनएफ कमी येणारच. दारू थांबल्यावर एक-दोन आठवड्यांत प्लेटलेट्स भरून आल्या की बीडीएनएफही चढेल, आणि रिपोर्टवर 'सुधारणा' असं छापून येईल. ती सुधारणा मनाची की मज्जेची, हे त्या आकड्यावरून कसं ओळखणार? संशोधनासाठी हे मोजणारे प्लाझ्मा वेगळा काढतात, प्लेटलेट्स मोजतात, ट्यूब किती वेळ ठेवली ते नोंदवतात. पॅकेजच्या रिपोर्टवर यातलं काय असतं?

सीआरपीची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण तिच्यामागचा विचार भक्कम आहे. दारूने आतड्याचं अस्तर सैल होतं, जिवाणूंचे तुकडे रक्तात उतरतात, यकृत आणि पांढऱ्या पेशी चवताळतात आणि ही जळजळ मेंदूपर्यंत पोहोचते. सोफी लक्लेर्क आणि बेल्जियममधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की तीन आठवडे दारू सोडूनही ज्यांच्या आतड्याची गळती कायम राहिली, त्यांच्यात उदासी, चिंता आणि दारूची ओढ जास्त टिकली. स्पेनमध्ये मालागाच्या संशोधकांनीही मूळचं नैराश्य आणि व्यसनातून आलेलं नैराश्य प्लाझ्मातल्या दाहकारक रेणूंवरून वेगळं करता येईल का, याचा शोध घेतला आहे. हे काम मोलाचं आहे. पण गटांच्या सरासरीत फरक दिसला म्हणून समोरच्या एका माणसाचं निदान होत नाही. सीआरपी तंबाखूने वाढतं, लठ्ठपणाने वाढतं, किडक्या दातानं, फुप्फुसाच्या संसर्गानं, टीबीनं वाढतं. १० च्या वर गेलं तर आधी संसर्ग शोधा, मनाचं नंतर बघू. आणि यकृत पार थकलेलं असेल तर ते पुरेसं सीआरपी तयारच करत नाही, म्हणजे सगळ्यात आजारी माणसाचा आकडा बराही दिसू शकतो.

सीआरपीवरून नैराश्याची गोळी निवडण्याचा सल्ला देणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०१४ च्या एका युरोपीय अभ्यासात सीआरपी १ च्या खाली असलेल्यांना एस्सिटालोप्रॅम अधिक मानवलं आणि वर असलेल्यांना नॉरट्रिप्टिलिन. ते नैराश्याचे रुग्ण होते, दारू सोडून चार दिवस झालेले नव्हेत. आपल्या वॉर्डात सीआरपी १ च्या खाली सापडणं मुश्कील, मग या नियमाने जवळपास सगळ्यांनाच नॉरट्रिप्टिलिन मिळेल. हे ट्रायसायक्लिक औषध जास्त गोळ्या घेतल्यास हृदयाची लय बिघडवून जीव घेतं, सोबत दारू असेल तर आणखी लवकर. आत्महत्येचा धोका असलेल्या माणसाच्या हाती महिन्याभराची अशी पाकिटं द्यायची ती एका सीआरपीच्या जोरावर?

आता उपयोगाच्या गोष्टी.

भरतीच्या दिवशीची पहिली सुई रक्त घेण्यासाठी असू द्या, सलाईनसाठी नको. बहुतेक ठिकाणी माणूस आला की लगेच मल्टिव्हिटॅमिन टाकलेली बाटली चढते आणि रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी, लॅबचा मुलगा आला की जातं. तोवर बी-१२ आणि फोलेटच्या रिपोर्टला काही अर्थ उरलेला नसतो. ट्यूब भरायला दोन मिनिटं लागतात: एक जांभळी, एक लाल किंवा पिवळी, एक राखाडी आणि आयएनआरसाठी एक निळी. त्या भरल्या की लगेच थायमिन (व्हिटॅमिन बी-१) द्या, रिपोर्टची वाट बघू नका. डोळे फिरणं, तोल जाणं, गोंधळ यांपैकी एकही दिसलं तर वर्निकेचा (थायमिनअभावी मेंदूला होणाऱ्या इजेचा) संशय धरून शिरेतून ५०० मिलीग्रॅम, दिवसातून तीन वेळा. ग्लुकोजची बाटली थायमिननंतर. मात्र साखर घसरलेली असेल तर दोन्ही एकदम, ग्लुकोज अडवून ठेवायचं नाही. रक्तातल्या थायमिनची तपासणी पॅकेजमध्ये ऐटीत दिसते, पण तिचा रिपोर्ट येईपर्यंत मेंदूचं व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, क्रिएटिनिन, साखर, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर फंक्शन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), टीएसएच (थायरॉइडची), बी-१२. पहिल्या दिवशी एवढं पुरतं. यातल्या सोडियमकडे जास्त लक्ष द्या. जेवण नाही, नुसती दारू, अशा माणसाचं सोडियम आधीच कमी असतं, आणि नैराश्याच्या एसएसआरआय गोळ्या ते आणखी पाडतात. १३० च्या खाली असेल तर त्या दिवशी एसएसआरआय सुरू करू नका. आधी सोडियम सावरा, तेही हळूहळू: कुपोषित दारुड्या माणसात २४ तासांत ८ मिलीमोलहून जास्त वाढवलं तर मेंदूच्या नसांवरचं आवरण खराब होऊन माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. गोळी सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी सोडियम पुन्हा बघा. लॅबवाल्यांनी इथे एक काळजी घ्यावी. दारूमुळे ट्रायग्लिसराइड भरमसाट वाढलेला नमुना दुधासारखा दिसतो, आणि इनडायरेक्ट पद्धतीच्या (नमुना पातळ करून मोजणाऱ्या) यंत्रावर त्याचं सोडियम खोटं कमी येतं. असा नमुना दिसला तर डायरेक्ट आयएसईवर (पातळ न करता मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा ब्लड गॅस यंत्रावर तपासून मगच रिपोर्ट द्या.

सीरम मॅग्नेशियम नॉर्मल आलं म्हणून शरीरात मॅग्नेशियम पुरेसं आहे असं समजू नका; एकूण साठ्यातलं एक टक्काही सीरममध्ये नसतं. पोटॅशियम देऊनही हलत नसेल तर कारण बहुधा हेच. बी-१२ चं उलट होतं. यकृताच्या पेशी फुटल्या की साठवलेलं बी-१२ रक्तात येतं आणि उणीव झाकली जाते. महाराष्ट्रात शाकाहारी जेवणामुळे आणि मधुमेहाच्या मेटफॉर्मिनमुळे ही उणीव एरवीही वारंवार आढळते, आणि थकवा, विसराळूपणा, उदासी ही तिची लक्षणं नैराश्याच्या यादीत तंतोतंत बसतात. शंका असेल तर होमोसिस्टीन (बी-१२ कमी असलं की रक्तात वाढणारं अमिनो आम्ल) बघा, पण ती ट्यूब बर्फात ठेवायची आणि तासाभरात प्लाझ्मा वेगळा करायचा. मे महिन्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून दोन तास फिरलेल्या ट्यूबमध्ये लाल पेशी होमोसिस्टीन सोडत राहतात आणि चांगल्या माणसाचा आकडाही चढतो. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अॅसिड देऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसा आतून खराब होत राहतात. टीएसएच पहिल्या आठवड्यात किंचित इकडेतिकडे आलं तर लगेच थायरॉइडची गोळी सुरू करू नका, चौथ्या आठवड्यात पुन्हा बघा.

किती पितो हे सांगणाऱ्या मार्करांबद्दल आता. केंद्रांतले सगळ्यात जास्त वाद यांच्यावरूनच होतात.

जीजीटी (यकृताचं एक एन्झाइम) दारू थांबल्यावर चार-पाच आठवड्यांत उतरतो. पण तो फॅटी लिव्हरने वाढतो, आणि फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनसारख्या फिटवरच्या औषधांनीही वाढतो. वॉर्डातच कार्बामाझेपिन सुरू करायचं आणि महिन्याने जीजीटी चढलेला दाखवून 'हा लपून पितोय' म्हणायचं, हा अन्याय आहे. एसजीओटी आणि एसजीपीटी ही आणखी दोन एन्झाइमं. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असलं तर बोट दारूकडे जातं. एसजीपीटीला काम करायला बी-६ लागतं आणि पिणाऱ्यांत तेच कमी असतं. दोन्ही ४०० च्या वर गेली तर मात्र दारूवर ढकलू नका. हिपॅटायटिस आणि पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस शोधा. नैराश्याच्या रुग्णाने भरतीआधी मूठभर पॅरासिटामॉल गिळलेली असणं ही लांबची शक्यता नाही. फिट येऊन गेली असेल तर एसजीओटी स्नायूंतूनही येतं, सोबत सीपीके (स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी) करा.

एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) १०० च्या वर जायला आणि खाली यायला महिने लागतात, कारण लाल पेशी १२० दिवस जगते. चार आठवड्यांत तो उतरला नाही म्हणून कुणाला जाब विचारू नका. शिवाय लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया मायनर असेल तर पेशी मुळात लहान असतात आणि दारूने मोठ्या होऊन बरोबर नॉर्मल दिसतात. अशा वेळी आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतला फरक) वाढलेला असतो, तो बघायची सवय ठेवा. सीडीटी (दारूमुळे रूप बदललेल्या ट्रान्स्फेरिन या प्रथिनाची तपासणी) जीजीटीपेक्षा नेमकी आहे, पण रोज ५० ते ८० ग्रॅम अल्कोहोल आठवडा-दोन आठवडे पोटात गेल्याशिवाय ती सहसा वाढत नाही, आणि सिरॉसिसमध्ये फसवते.

सगळ्यात भरवशाचा मार्कर म्हणजे फॉस्फॅटिडिलइथेनॉल, थोडक्यात पेथ. हा रेणू शरीरात अल्कोहोल असल्याशिवाय तयारच होत नाही. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली म्हणजे अलीकडे प्यायलेला नाही किंवा अगदी थोडी घेतली. २०० च्या वर म्हणजे भरपूर पितो. तो लाल पेशींच्या आवरणात बसतो, म्हणून जांभळ्या ट्यूबमधलं अख्खं रक्त पाठवायचं. सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्मा पाठवला तर पेथ तुमच्याच कचऱ्याच्या डब्यात गेला. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवा, साध्या डीप फ्रीजरमध्ये नको. माणूस पिऊनच आला असेल तर ट्यूबमधल्या अल्कोहोलपासून बाहेरही पेथ बनत राहतो, म्हणून नमुना गार ठेवून लवकर रवाना करा.

आणि आकडा वाचताना गणित करा. पेथचं अर्धायुष्य माणसागणिक साधारण ४ ते १० दिवस असतं. ७ धरलं तर भरतीला १२०० असलेला आकडा आठवड्याने ६००, मग ३००, मग १५०, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी ७५. म्हणजे महिनाभर थेंबही न घेतलेला माणूस २० च्या वरच आहे! एकट्या रिपोर्टवरून त्याला खोटा ठरवलंत तर आधीच स्वतःला नालायक समजणाऱ्या माणसाच्या हातात तुम्ही पुरावा दिलात. दोन रिपोर्टांतली घसरण बघा. घसरण थांबली किंवा आकडा वर गेला, तर बसून शांतपणे विचारा. संमतीशिवाय, 'साखर बघतोय' असं सांगून पेथ पाठवणं तर मुळीच नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित आजारही मोडतात, आणि कलम २३ प्रमाणे माहिती गुप्त राखण्याचा हक्क त्या माणसाला आहे. कंपनीच्या एचआरला व्हॉट्सॅपवर गेलेला रिपोर्ट त्या हक्कात बसत नाही.

औषध ठरवताना या तपासण्यांचा खरा उपयोग होतो. यकृत बिघडलेलं असेल तर नैराश्यावरच्या औषधांपैकी एस्सिटालोप्रॅम १० मिलीग्रॅमवर थांबवा, ड्युलोक्सेटिन टाळा, आणि एसजीओटी-एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त असतील तर अॅगोमेलॅटिन नकोच. प्लेटलेट्स कमी, आयएनआर वाढलेला आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा, असं असताना एसएसआरआयने रक्तस्रावाचा धोका वाढतो. विड्रॉवलसाठी अशा यकृताला क्लोरडायझेपॉक्साइडपेक्षा लोराझेपाम बरं. दारूची ओढ कमी करणारं अकॅम्प्रोसेट किडनीतून जातं: क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता) ३० ते ५० असेल तर ३३३ मिलीग्रॅम तीन वेळा, ३० च्या खाली अजिबात नाही. डायसल्फिराम (वर दारू प्यायली तर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) यकृताला अचानक दगा देऊ शकतं आणि काहींचं मन आणखी बिघडवतं; नैराश्य असलेल्याला ते सरसकट सुरू करण्याची आपल्याकडची सवय आम्हाला पटत नाही. २०१० मध्ये अमेरिकेत १७० रुग्णांवर झालेल्या १४ आठवड्यांच्या चाचणीत नैराश्यावरचं सर्ट्रालिन आणि दारूची ओढ कमी करणारं नाल्ट्रेक्सोन दोन्ही एकत्र दिलेल्यांपैकी ५३.७ टक्के पूर्ण दारूमुक्त राहिले; एकेकटं औषध किंवा प्लासिबो घेणाऱ्यांत हे प्रमाण २१ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान होतं. दोन्ही आजारांवर एकदम उपचार करायचे तर यकृताचा आणि सोडियमचा रिपोर्ट हाताशी हवाच.

नैराश्य मोजायला मराठीतला पीएचक्यू-९ आणि दारूसाठी ऑडिट या प्रश्नावल्या फुकट आहेत. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये याच दोन प्रश्नावल्यांवरून रुग्ण निवडले आणि डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून उपचार देऊन दाखवले. त्या चाचण्या २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. विड्रॉवलच्या आठवड्यात झोप, भूक आणि थकव्याचे गुण फुगलेले असतात, म्हणून पीएचक्यू-९ पहिल्या, पंधराव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी भरून घ्या. आत्महत्येच्या विचारांबद्दलच्या नवव्या प्रश्नावर शून्याखेरीज काहीही आलं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला कळवा. घरी गेल्यावरच्या अडीअडचणीसाठी नातेवाईकांना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या.

लॅबचालकांकडे शेवटी तीन गोष्टी मागतो. तुमच्या फॉर्मवर 'शेवटची दारू: तारीख, वेळ, अंदाजे किती' असा रकाना छापा आणि तो रिकामा असेल तर जीजीटी, सीडीटी, पेथचा नमुना परत करा. दुसरं, रिपोर्टवर नमुना घेतल्याची आणि सेंट्रिफ्यूज केल्याची वेळ वेगवेगळी लिहा. तिसरं, दरपत्रकात बीडीएनएफ किंवा इंटरल्यूकिन-६ ठेवायचंच असेल तर त्यासमोर 'फक्त संशोधनासाठी, निदानासाठी नाही' एवढे शब्द त्याच आकाराच्या अक्षरात छापा. सुधारलेला फॉर्म आणि दरपत्रक पुढच्या महिन्याच्या नमुन्यांआधी केंद्रांकडे पोहोचलं तर भरतीच्या टेबलावरच ते लावून घेता येईल.

कळावे,
मानसोपचार, जैवरसायन आणि परिचर्या या क्षेत्रांत काम करणारे काही जण